सैनिकाचे देणे आणि रोमन प्रजासत्ताकाचा अंत

रोमन प्रजासत्ताक का कोसळले या प्रश्नाला दोन उत्तरे फार पूर्वीपासून दिली जात आहेत. पहिल्या उत्तराचा रोख व्यक्तींवर आहे: मारियस, सुल्ला, पॉम्पी, सीझर अशा महत्त्वाकांक्षी सेनापतींनी स्वतःच्या वैभवासाठी राज्यघटना पायदळी तुडवली. दुसरे उत्तर खुद्द रोमन इतिहासकार सॅलस्टने मांडले आणि ते नीतीकडे वळते: इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज नगरी नष्ट झाल्यावर बलाढ्य शत्रूचे भय उरले नाही, पूर्वेकडून संपत्तीचा ओघ सुरू झाला आणि साधेपणावर वाढलेला समाज लोभाच्या आहारी गेला. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण रोमचा सामान्य पायदळ शिपाई दोन्हींच्या हिशेबात येत नाही. सेनापतीच्या महत्त्वाकांक्षेला हजारो शस्त्रधारी नागरिकांची साथ मिळाली नसती, तर ती सिनेटमधल्या भाषणांपलीकडे जाऊ शकली नसती. ही साथ का मिळाली, हा खरा प्रश्न आहे. रोमच्या सत्ताधारी वर्गाने आपल्या सैनिकांचे न्याय्य देणे पिढ्यानपिढ्या थकवले, ते फेडण्याचे काम खाजगी व्यक्तींवर सोडले आणि जो देणे फेडतो त्याच्याकडे निष्ठा जाते या साध्या व्यवहाराने प्रजासत्ताकाचा घास घेतला, असे या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

मुळात रोमचे सैन्य आणि रोमचे नागरिक या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. ठरावीक काळाने होणाऱ्या जनगणनेत प्रत्येक नागरिकाच्या मालमत्तेची नोंद होई, त्यानुसार त्याला पाच वर्गांपैकी एका वर्गात घातले जाई आणि त्या वर्गावरून त्याने कोणती शस्त्रे बाळगून रणांगणावर यायचे हे ठरे. ज्यांच्याकडे मुलाबाळांखेरीज नोंद करण्याजोगे काहीच नव्हते, त्यांना ‘प्रोलेटारी’ म्हणत आणि त्यांना सहसा सैन्यात घेत नसत. मराठी वाचकाला परिचित शब्दांत सांगायचे, तर प्रारंभीचा रोमन सैनिक बारगीर नव्हता, शिलेदार होता. शस्त्र त्याचे स्वतःचे असे आणि मोहीम संपली की तो स्वतःच्या शेतावर परत जाई. मतदानाची रचनाही याच पायावर उभी होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांची निवड करणाऱ्या सभेत १९३ गट होते आणि परंपरेनुसार त्यांपैकी ९८ गट घोडेस्वार व पहिला वर्ग यांच्याकडे, म्हणजे श्रीमंतांकडे होते. ही रचना उघडउघड विषम होती, परंतु तिच्यामागे एक तर्क होता: ज्याच्यावर युद्धाचा भार अधिक, त्याच्या मताला वजन अधिक.

नेतृत्वाची घडणही युद्धातूनच होई. दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडले जात; त्यांच्याकडे ‘इम्पेरियम’, म्हणजे सैन्याला आज्ञा देण्याचा आणि तिच्या भंगाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार असे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात रोममध्ये दीर्घकाळ राहिलेला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो, की दहा वार्षिक मोहिमांत सेवा केल्याशिवाय कोणालाही राजकीय पद मिळत नसे. साहजिकच राज्यकर्ता वर्ग हा लढलेल्या माणसांचा वर्ग होता आणि ज्यांना तो आज्ञा करी त्यांच्यासोबत त्याने थंडी, उपासमार आणि जखमा सोसलेल्या असत. मात्र या व्यवस्थेत एक घातक घाईही दडलेली होती. कॉन्सलच्या हाती जेमतेम एक वर्ष असे, विजयमिरवणुकीचा मान मिळाला तर त्याच्या कुळाचे नाव पिढ्यानपिढ्या राही, आणि म्हणून शांततेत गेलेले वर्ष म्हणजे हातची दवडलेली संधी, असेच बहुतेकांना वाटे. रोम जवळजवळ दरवर्षी कुठे ना कुठे लढत राहिला, त्याचे एक मोठे कारण या पदरचनेत आहे.

या सैन्याची राज्याशी असलेली निष्ठा किती घट्ट होती, हे इ.स.पू. २१६ मधल्या कॅनीच्या पराभवाने दाखवून दिले. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने त्या एका दिवसात रोमची फौज वेढून कापून काढली. रोमन इतिहासकार लिव्हीच्या मते सुमारे ४८,००० माणसे पडली, तर पॉलिबियसचा आकडा ७०,००० च्या घरात जातो. एवढ्या संहारानंतरही सिनेटने हॅनिबलच्या हाती लागलेल्या कैद्यांची खंडणी भरण्यास नकार दिला, सरकारी पैशाने ८,००० गुलाम विकत घेऊन त्यांना शस्त्रे दिली आणि युद्ध आणखी पंधरा वर्षे चालवले. पराभवातून जिवंत परतलेल्यांना शिक्षा म्हणून सिसिलीत धाडण्यात आले, तरी त्यांनी बंड केले नाही. पुढे त्यांतल्याच अनेकांना घेऊन रोमन सेनापती स्किपिओ आफ्रिकेत उतरला आणि इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे हॅनिबल पराभूत झाला. राज्याने अत्यंत कठोर वागणूक दिली तरी जे सैन्य फुटले नाही, त्याचे वंशज दीड शतकाच्या आत आपल्याच राजधानीवर चालून जातात, ही घटना स्वभावदोषाने किंवा लोभाने स्पष्ट होत नाही.

मधल्या काळात काय बदलले, हे लिव्हीने जपून ठेवलेल्या एका सैनिकाच्या हकिगतीत दिसते. स्प्युरियस लिगुस्टिनस हा साबिन प्रदेशातला शेतकरी. वडिलांकडून त्याला एक यूगेरम जमीन, म्हणजे जेमतेम पाव हेक्टर, आणि एक लहानशी झोपडी मिळाली होती. इ.स.पू. २०० मध्ये तो सैन्यात दाखल झाला. मॅसिडोनिया, स्पेन, ग्रीस अशा मोहिमा करत त्याने बावीस वर्षांची सेवा पूर्ण केली, शौर्याबद्दल त्याला सेनापतींकडून चौतीस वेळा पारितोषिके मिळाली आणि सहकारी नागरिकाचे प्राण वाचवणाऱ्याला देण्यात येणारा मुकुट त्याने सहा वेळा मिळवला. इ.स.पू. १७१ मध्ये मॅसिडोनियाच्या राजाविरुद्ध पुन्हा भरती सुरू झाली, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला आणि सहा मुलगे व दोन मुली असलेला हा माणूस तक्रार न करता पुन्हा उभा राहिला. लिव्हीला त्यात आदर्श दिसला आणि तो खोटा नाही. परंतु त्याच हकिगतीत एक बोचरी गोष्ट आहे: वडिलोपार्जित जमीन सांगताना लिगुस्टिनस त्या एका यूगेरमचाच उल्लेख करतो आणि अजूनही आपण तिथेच राहतो असे म्हणतो. ज्या दोन दशकांत त्याने भूमध्यसमुद्राचा निम्मा किनारा रोमला जिंकून दिला, त्या काळात राज्याने त्याला मुकुट दिले, पण जमिनीबाबत त्याच्या तोंडी नवी भर नाही.

जिंकलेल्या प्रदेशांची संपत्ती मात्र इटलीत येतच होती. इ.स.पू. १६८ मध्ये पिड्ना येथे मॅसिडोनियाचे राज्य संपले. पुढच्या वर्षी सिनेटच्या आज्ञेने एपिरस प्रांतातली सत्तर गावे लुटण्यात आली आणि १,५०,००० माणसे गुलाम म्हणून विकली गेली. त्याच सुमारास रोमन नागरिकांवरचा थेट युद्धकर बंद झाला आणि तो सव्वाशे वर्षे पुन्हा लादावा लागला नाही. या समृद्धीचा पाया एपिरससारख्या उद्ध्वस्त गावांवर होता, हे रोमच्या गुणगानात नेहमी विसरले जाते. हे गुलाम विकत घेऊन मोठे जमीनदार आपल्या मळ्यांवर राबवू लागले. राज्याने जिंकून घेतलेली सार्वजनिक जमीन त्यांनी कायदेशीर मर्यादेपलीकडे ताब्यात ठेवली, आणि स्पेनमधल्या कंटाळवाण्या युद्धांत वर्षानुवर्षे अडकलेल्या शेतकऱ्याचे कुटुंब या स्पर्धेत मागे पडत गेले. लहान शेतकरी सर्वत्र नामशेष झाला असे उत्खननांवरून म्हणता येत नाही; पण सैन्यसेवा हा भार झाला होता याचा पुरावा ठोस आहे, कारण इ.स.पू. १५१ आणि १३८ मध्ये भरतीच्या सक्तीवरून लोकांच्या प्रतिनिधींनी, म्हणजे ट्रिब्यूनांनी, चक्क कॉन्सलना कैदेत टाकले.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने मांडलेला कायदा ही या देण्याची पहिली प्रामाणिक मांडणी होती. त्याने कोणाची खाजगी मालमत्ता हिसकावली नाही. सार्वजनिक जमिनीवर एका माणसाने ५०० यूगेरमपेक्षा, म्हणजे सुमारे १२५ हेक्टरपेक्षा, अधिक ताबा ठेवू नये ही जुनीच मर्यादा त्याने पुन्हा लागू केली, मुलांसाठी वाढीव सूट दिली आणि उरलेली जमीन भूमिहीन नागरिकांना वाटण्याची तरतूद केली. इटलीसाठी प्राण देणाऱ्याला इटलीत स्वतःचे म्हणावे असे ढेकूळही नाही, ही त्याची तक्रार होती. आणि शेतकरी टिकला नाही तर सैन्य टिकणार नाही, हा त्याचा हिशेब होता. त्याने विरोधी ट्रिब्यूनला पदावरून काढले आणि पुन्हा निवडून येण्याचा प्रयत्न केला, या गोष्टी रूढीला धरून नव्हत्या, हे त्याच्या टीकाकारांचे म्हणणे मान्य करावे लागते. पण त्याला मिळालेले उत्तर कायद्याचे नव्हते. मुख्य धर्माधिकारी स्किपिओ नासिका याच्या नेतृत्वाखाली सिनेटर आणि त्यांचे अनुयायी बाकांचे तुकडे घेऊन कॅपिटोल टेकडीवर धावून गेले. टायबेरियस आणि त्याचे तीनशेहून अधिक समर्थक ठार झाले आणि त्यांची प्रेते नदीत फेकण्यात आली. विशेष म्हणजे जमीनवाटपाचे मंडळ त्यानंतरही काही वर्षे काम करत राहिले आणि त्याने रोवलेले सीमादगड इटलीत सापडले आहेत. म्हणजे वाटप अशक्य नव्हते.

यानंतर मारियसचे नाव येते. इ.स.पू. १०७ मध्ये न्युमिडियाच्या जुगुर्था राजाविरुद्ध सैन्य उभारताना त्याने मालमत्ता नसलेल्या स्वयंसेवकांना भरती केले, आणि या एका निर्णयाने नागरिकसेनेचे रूपांतर भाडोत्री सेनेत झाले, असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मालमत्तेची किमान अट त्याआधीच टप्प्याटप्प्याने उतरवली गेली होती, मारियसनंतरही सक्तीची भरती चालूच राहिली, आणि शेत असलेले शिपाईही पुढच्या यादवी युद्धांत तितक्याच उत्साहाने लढले. मारियसचे खरे महत्त्व दुसरीकडे आहे. त्याच्या सेवानिवृत्त सैनिकांना आफ्रिकेत प्रत्येकी १०० यूगेरम जमीन देण्याचा कायदा ट्रिब्यून सॅटर्निनसने इ.स.पू. १०३ मध्ये रेटून मंजूर करून घेतला. सैनिकाला जमीन मिळाली, पण ती सिनेटच्या हातून मिळाली नाही. सेनापती आणि त्याचा राजकीय सहकारी यांच्या खटपटीने मिळाली. त्या दिवसापासून सेनापती हा सैनिक आणि राज्य यांच्यामधला मध्यस्थ झाला.

इ.स.पू. ८८ मध्ये सुल्लाने या मध्यस्थीचे टोक गाठले. पॉन्टसचा राजा मिथ्रिडेटिस याच्याविरुद्धच्या मोहिमेचे आधिपत्य त्याच्याकडून काढून मारियसकडे देण्याचा ठराव झाला, तेव्हा तो नोला शहराजवळ सहा लीजनांसह होता. लीजन म्हणजे काही हजार पायदळाची रोमन पलटण. नवा सेनापती आपल्याऐवजी दुसरेच सैन्य नेईल आणि पूर्वेकडची लूट हातची जाईल, या भीतीने सैनिकांनी रोमहून आलेल्या अधिकाऱ्यांना दगडांनी ठेचले आणि ते सुल्लासह राजधानीवर निघाले. ॲपियन सांगतो, की एक खजिनदार सोडून सगळे वरिष्ठ अधिकारी सुल्लाला सोडून गेले. उच्चकुलीन अधिकाऱ्यांना राज्याकडून मिळवण्यासारखे सर्व काही होते, म्हणून त्यांनी राज्य निवडले. शिपायांना सेनापतीखेरीज कोणाकडूनच काही मिळणार नव्हते.

त्यानंतरच्या यादवी युद्धात विजयी झालेल्या सुल्लाने आपल्या लीजनांना इटलीत वसवले, परंतु जमीन आली कुठून? विरोधी बाजूला गेलेल्या शहरांची शेते हिसकावून ती या सैनिकांना देण्यात आली. पॉम्पेई, फेसुली अशा नगरांचे मूळ रहिवासी स्वतःच्या गावात दुय्यम ठरले. ग्रॅकसने बड्या जमीनदारांकडून सार्वजनिक जमीन मागितली होती आणि त्याला मारण्यात आले. सुल्लाने सामान्य शेतकऱ्यांकडून त्यांची स्वतःची जमीन घेतली आणि सिनेटने त्याला आपला त्राता मानले. रोमन इतिहासातला याहून लज्जास्पद विरोधाभास शोधणे कठीण आहे. शिवाय हा अन्यायही टिकाऊ ठरला नाही: वीस वर्षांत त्यांतले अनेक वसाहतकरी कर्जात बुडाले आणि इ.स.पू. ६३ मध्ये कॅटिलाइन या सिनेटरच्या बंडाचे निशाण फेसुलीतच उभारले गेले. जमीन दिली की प्रश्न मिटतो असे नव्हे, हा यावरचा आक्षेप रास्त आहे. पण बी-बियाणे, अवजारे आणि निश्चित नियम यांशिवाय लुटीसारखी वाटलेली जमीन आणि राज्याने विचारपूर्वक दिलेला मोबदला यांत फरक करावाच लागतो.

प्रजासत्ताकाला वाचवण्याची शेवटची खरी संधी इ.स.पू. ६२ मध्ये आली होती. मिथ्रिडेटिसचा पराभव करून आणि सिरियापर्यंतचा प्रदेश रोमच्या अधिपत्याखाली आणून पॉम्पी इटलीच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा तो सुल्लाप्रमाणे राजधानीवर चालून येईल अशी सर्वांना धास्ती होती. त्याने ब्रुंडिसियम बंदरात सैन्य विसर्जित केले आणि सामान्य नागरिक म्हणून रोमची वाट धरली. प्लूटार्कच्या मते त्याने सरकारी खजिन्यात २०,००० टॅलंट किमतीची नाणी व सोन्यारुप्याची भांडी आणली. त्याच्या मागण्या दोनच होत्या: पूर्वेत केलेल्या व्यवस्थेला मान्यता आणि सैनिकांना जमीन. पैसा होता, कायदेशीर मागणी होती, तलवार म्यान झालेली होती. तरीही सिनेटर कॅटो, लुकुलस आणि कॉन्सल मेटेलस केलेर यांनी दोन वर्षे दोन्ही मागण्या अडवून धरल्या. इ.स.पू. ६० मध्ये ट्रिब्यून फ्लेवियसने जमिनीचा कायदा आणला, तेव्हा विरोधाने संतापून त्याने केलेरला तुरुंगात टाकले आणि दाराशी स्वतःचे आसन मांडून प्रवेश अडवला. केलेरने सिनेटला आत येता यावे म्हणून तुरुंगाची भिंत फोडायला सांगितली. त्याच्या निग्रहाची त्या काळी वाहवा झाली. तो निग्रह कशासाठी होता, हे पाहिले तर मात्र वाहवा करवत नाही.

याचा परिणाम लगेच दिसला. पॉम्पीने सीझर व क्रॅसस यांच्याशी हातमिळवणी केली, सीझर इ.स.पू. ५९ चा कॉन्सल झाला आणि सभेत दंडेली करून त्याने जमिनीचे कायदे मंजूर करून घेतले; कॅम्पेनियातल्या सुपीक सार्वजनिक जमिनीवर तीन किंवा अधिक मुले असलेल्या २०,००० कुटुंबांना वसवण्यात आले. मोबदल्यात सीझरला गॉलचा प्रांत मिळाला, तिथे त्याने स्वतःशी बांधलेले सैन्य घडवले, आणि इ.स.पू. ४९ मध्ये त्याच सैन्यासह त्याने इटलीच्या हद्दीवरची रुबिकॉन नदी ओलांडली. कॅटोला स्वातंत्र्याचा हुतात्मा मानण्याची परंपरा मोठी आहे आणि त्याचे वैयक्तिक धैर्य वादातीत आहे. परंतु सीझरला सत्तेचे दार ज्या कारस्थानाने उघडले, ते कारस्थान कॅटोच्याच हट्टाने शक्य झाले.

यावर असा प्रतिवाद होऊ शकतो, की सैनिक सेनापतीच्या तेजाने भारावलेले असत आणि जमिनीचा हिशेब नंतर जोडला गेला. लुकुलसचे उदाहरण या प्रतिवादाला उत्तर देते. तो उत्तम सेनानी होता, त्याने आर्मेनियाच्या राजाचा दणदणीत पराभव केला, तरीही इ.स.पू. ६८ पासून त्याच्या सैनिकांनी पुढे जाण्यास नकार दिला. त्यांतले काही जण जवळजवळ वीस वर्षे आशियात होते. त्याचाच मेहुणा क्लोडियस त्यांना सांगत फिरत होता, की पॉम्पीचे सैनिक बायकामुलांसह चांगल्या जमिनीवर नांदत आहेत आणि तुम्ही मात्र लुकुलसच्या सोन्याने लादलेल्या उंटांची राखण करत आहात. तेज होते, विजय होते. घरी परतण्याची हमी नव्हती, म्हणून निष्ठाही नव्हती.

सीझरच्या हत्येनंतरची वर्षे हा या व्यवहाराचा नंगा अवतार होता. सीझरचा दत्तक वारस असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या ऑक्टेव्हियनने सीझरच्या जुन्या सैनिकांना प्रत्येकी ५०० दिनार देऊन, म्हणजे दोन वर्षांहून अधिक पगार एकरकमी देऊन, खाजगी फौज उभारली. त्याने सीझरचे सहकारी अँटनी व लेपिडस यांच्याशी युती केली तेव्हा इटलीतली अठरा समृद्ध शहरे सैनिकांना आधीच कबूल करण्यात आली होती. इ.स.पू. ४२ मध्ये सीझरच्या मारेकऱ्यांवर फिलिपी येथे मिळवलेल्या विजयानंतर या शहरांची वाटणी सुरू झाली, शेतकरी रस्त्यावर आले, आणि त्या आकांताचा पडसाद व्हर्जिलच्या गोपकाव्यांत उतरला.

अँटनीविरुद्धच्या ॲक्टियमच्या युद्धानंतर एकटा उरलेला हाच ऑक्टेव्हियन ऑगस्टस झाला. यादवीच्या काळात त्याने जमिनी हिसकावल्या होत्या. आता, त्याच्याच कोरीव निवेदनानुसार, इ.स.पू. ३० आणि १४ मध्ये इटलीतल्या जमिनींसाठी त्याने नगरांना सुमारे ६० कोटी सेस्टर्स मोजले. लीजनांची संख्या त्याने साठावरून २८ वर आणली आणि सेवेची मुदत ठरवून दिली. इ.स. ५ मध्ये ही मुदत वीस वर्षे आणि निवृत्तीचा मोबदला १२,००० सेस्टर्स असा निश्चित झाला. वर्षाला ९०० सेस्टर्स मिळवणाऱ्या शिपायाला ही तेरा वर्षांहून अधिक पगाराची रक्कम होती. पुढच्याच वर्षी त्याने स्वतंत्र सैनिकी कोष स्थापन केला, त्यात स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स घातले आणि कायमच्या उत्पन्नासाठी वारसाहक्कावर पाच टक्के व लिलावातील विक्रीवर एक टक्का कर बसवला. जवळचे नातलग आणि गरीब यांना वारसाकरातून सूट होती, तरी सिनेटर वर्गाने कुरकुर केली; तेव्हा ऑगस्टसने जमिनीवर व घरांवर कर लावण्याची तयारी दाखवली, आणि पाच टक्के मुकाट्याने मान्य झाले. या व्यवस्थेत असे काहीच नव्हते, जे पॉम्पीचा खजिना हाती असलेल्या सिनेटला करता आले नसते.

मात्र या व्यवस्थेची किंमत मोठी होती. देणे आता वेळेवर फेडले जाऊ लागले, पण ते फेडणारा हात एकाच माणसाचा होता, आणि शपथही त्याच्याच नावाने घेतली जाई. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला, त्याच वर्षी अधिकाऱ्यांच्या निवडणुका नागरिकांच्या सभेकडून काढून सिनेटकडे देण्यात आल्या आणि टॅसिटसच्या म्हणण्यानुसार लोकांनी पोकळ कुजबुजीपलीकडे विरोध केला नाही. डॅन्यूब व ऱ्हाईन नद्यांवरच्या लीजनांनी मात्र बंड केले. तीस-तीस वर्षे निवृत्ती मिळत नाही, आणि मिळते तेव्हा शेत म्हणून दलदल किंवा खडकाळ डोंगरउतार पदरात पडतो, अशी त्यांची तक्रार होती. सोळा वर्षांच्या सेवेची सवलत त्यांनी जोरावर मिळवली. इ.स. १५ मध्ये रोमच्या नागरिकांनी एक टक्का विक्रीकर रद्द करण्याची विनंती केली, तेव्हा सम्राट टायबेरियसने जाहीर केले, की सैनिकी कोष याच करावर उभा आहे आणि सैनिकांनी पूर्ण वीस वर्षे सेवा केल्याशिवाय राज्याला हा भार पेलणार नाही. कर कायम राहिला, सोळा वर्षांची सवलत रद्द झाली, आणि या दोन्ही निर्णयांत कर भरणाऱ्या नागरिकाला किंवा लढणाऱ्या सैनिकाला मत देण्याची कोणतीही जागा उरलेली नव्हती.